कर्ण्यासमोरचा वाद्यमेळ

बडी बोल्डन या न्यू ऑर्लिन्सच्या कॉर्नेटवादकाचे, त्याच्या साथीदारांसह, एकच छायाचित्र उपलब्ध आहे. ते १९०५ च्या सुमाराचे मानले जाते. बोल्डन कसा वाजवी हे सांगणारी एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही, त्यामुळे जॅझच्या इतिहासकारांनी या चित्राकडे जितके रोखून पाहिले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाकडे पाहिले असेल. चित्रात कॉर्नेट आहे, ट्रॉम्बोन आहे, दोन क्लॅरिनेट आहेत, आणि त्यांच्यासोबत एक गिटार व एक डबल बेस आहे. बँजो नाही, ट्यूबा नाही.

आता अठरा वर्षांनंतरच्या, म्हणजे १९२३ च्या ध्वनिमुद्रिकांकडे वळावे. याच शहरातून शिकागोला गेलेल्या वादकांच्या, 'किंग' ऑलिव्हरच्या क्रेओल जॅझ बँडच्या त्या तबकड्या आहेत. त्यांत गिटार नाही, डबल बेसही नाही. तालाची बाजू पियानो, बँजो आणि लाकडी ठोकळ्यावरची टकटक यांनी सांभाळलेली आहे. मधल्या काळात अभिरुची बदलली, असे उत्तर कुणी देईल आणि ते सर्वस्वी चूक ठरणार नाही. परंतु या दोन पुराव्यांच्या मध्ये अभिरुचीखेरीज आणखी एक वस्तू उभी आहे, आणि ती म्हणजे ध्वनिमुद्रणाचा कर्णा. छायाचित्र घेणाऱ्या यंत्राला वाद्याच्या आवाजाशी काही देणेघेणे नव्हते. कर्ण्याला मात्र आवाजाखेरीज कशाशीच देणेघेणे नव्हते, आणि त्यातही सर्वच आवाजांशी त्याचे सख्य नव्हते.

१९२५ पर्यंतचे ध्वनिमुद्रण विजेच्या साहाय्यावाचून होत असे. वादकांच्या पुढ्यात एक (कधी अधिक) निमुळता कर्णा असे. त्याच्या अरुंद टोकाला अभ्रकाचा किंवा काचेचा पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मऊ मेणाची जाड तबकडी, अशी सारी मांडणी. वादकाच्या फुंकरीतून किंवा आघातातून निघालेली हवेची लहर कर्ण्यात शिरे, पडदा हलवी, आणि तेवढ्याच बळावर सुई मेणात खाच कोरी. बाहेरून कोणतीही शक्ती मिळत नसे. गायकाने किंवा वादकाने स्वतःच्या दमाने मेणात अक्षरे कोरावीत तसा हा प्रकार होता. मेण मऊ राहावे म्हणून ते उबदार ठेवावे लागे, खोलीही गरम असे, आणि एखादा सूर चुकला तर ती मेणाची तबकडी बाद करून पुन्हा पहिल्यापासून वाजवण्यावाचून इलाज नसे.

या यंत्राचा कान अतिशय अरुंद होता. साधारणपणे पावणेदोनशे ते दोन हजार हर्ट्झ एवढाच स्वरपट्टा त्याला बऱ्यापैकी ऐकू येई. डबल बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर एक्केचाळीस हर्ट्झच्या आसपास असतो. तो मेणापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तारेतून निघणारे त्याचे वरचे उपस्वरही बोटाने छेडताना फार क्षीण असतात. ट्यूबाचा मूळ स्वर तितकाच खालचा, पण त्याचे उपस्वर भक्कम असतात आणि त्याचा भोंगा ते एका दिशेने फेकतो. मनुष्याच्या कानाची एक मौज अशी की उपस्वर पुरेसे ऐकू आले तर हरवलेला मूळ स्वर तो आपणच कल्पनेने भरून काढतो. म्हणजे ट्यूबाचा खर्ज तबकडीत नसे, तो श्रोत्याच्या डोक्यात उमटे. डबल बेसला ही सवलत मिळाली नाही. सिंफनीच्या वाद्यवृंदांनाही खर्जाच्या तारवाद्यांची जागा ट्यूबाला द्यावी लागे. बीथोवनला ते रुचले असते की नाही, हा प्रश्न कर्ण्याच्या दरबारात गैरलागू होता.

गिटार आणि बँजो यांच्यातला न्यायही याच चालीचा. गिटारचा आवाज मृदू, पसरणारा, खोलीत विरघळणारा. बँजोच्या घोडीखाली चामडे ताणलेले असते, त्यामुळे आघात होताच आवाज टोकदार होऊन उसळतो आणि लगेच विझतो. त्याची बहुतेक ताकद नेमकी कर्ण्याच्या आवडीच्या पट्ट्यात पडते. लय दाखवण्यासाठी याहून सोयीचे तारवाद्य शोधूनही सापडले नसते.

मोठ्या ढोलाचे, म्हणजे पायाने वाजवायच्या बेस ड्रमचे, संकट निराळे होते. तो ऐकू न येणे हा दोष परवडला असता, पण त्याच्या धक्क्याने सुई उडण्याची, खाच शेजारच्या खाचेत घुसण्याची भीती असे. सदोष तबकडी श्रोत्याच्या घरी वाजताना सुई घसरली तर तक्रार कंपनीकडे येणार. तेव्हा ढोल बाहेर ठेवणे किंवा अगदी दबकत वाजवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरला. ढोलवादकाने काठावर, ठोकळ्यावर, गाईच्या घंटेवर भागवावे अशी वहिवाट पडली.

'वहिवाट' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे, कारण लेखी नियम कोठेही नव्हते आणि अपवादही पुष्कळ होते. जेम्स रीस युरोप याच्या सोसायटी ऑर्केस्ट्राने २९ डिसेंबर १९१३ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. कृष्णवर्णीय वादकांच्या इतक्या मोठ्या नृत्यवृंदाला एवढ्या मोठ्या कंपनीने पाचारण करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्या तबकड्यांतून बडी गिलमोरचा ड्रम अंगावर येतो, त्याच्या जोडीला बँजो-मँडोलिनांचा खणखणाट आहे. व्हर्नन व आयरीन कॅसल या नर्तक दांपत्याने लोकप्रिय केलेल्या नव्या नृत्यांसाठी हे संगीत होते, आणि ते ऐकताना ध्वनिमुद्रकाने ढोलवाल्याला फारसे दटावलेले नसावे असेच वाटते. पुढे २६ फेब्रुवारी १९१७ रोजी त्याच कंपनीने 'ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड' या पाच गोऱ्या वादकांच्या चमूचे ध्वनिमुद्रण केले. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून तिचे नाव आज प्रत्येक पुस्तकात आहे. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, पियानो, ड्रम एवढाच सरंजाम. प्रत्येक वादक कर्ण्यापासून किती अंतरावर उभा राहील हे ध्वनिमुद्रकाने ठरवले, कारण आवाज कमीजास्त करण्याचे दुसरे साधनच नव्हते. 'लिव्हरी स्टेबल ब्लूज' या तुकड्यात क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवते, कॉर्नेट घोड्यासारखे खिंकाळते, ट्रॉम्बोन गाईसारखे हंबरते. या चेष्टेची गोडी आज ओसरली असली तरी एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की हे तिन्ही प्राणी कर्ण्याला चांगले ऐकू येणारे होते.

या पाचजणांत खर्जाचे वाद्य नव्हते. तरी त्यांची तबकडी अफाट खपली, आणि अमेरिकेतच नव्हे तर युरोपातही जॅझ बँड म्हणजे असा चमू, अशी समजूत दृढ झाली. ज्यांनी न्यू ऑर्लिन्सचा नाचघर कधी पाहिला नव्हता त्यांच्यापर्यंत जॅझ पोहोचला तो या तीन मिनिटांच्या रूपात. आपल्याकडे ख्यालाची चिजेपुरती झालेली ओळख ज्यांनी तबकडीवरून करून घेतली, त्यांच्या अनुभवाशी हे ताडून पाहता येईल. पण साम्य तेथेच थांबवावे, कारण आपल्याकडे श्रोत्याला मैफिलीचा मूळ पाठ निदान ऐकून ठाऊक असे.

आता १९२३ मधल्या त्या खोलीत जाऊ. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी स्टार पियानो कंपनीचा कारखाना होता, आणि त्या आवारातच तिच्या जेनेट या ध्वनिमुद्रिका शाखेचे मुद्रणगृह. जवळून रेल्वेचा फाटा जाई. गाडी आली की वादन थांबवावे लागे. ५ आणि ६ एप्रिल १९२३ रोजी ऑलिव्हरचे सात वादक तेथे आले: दोन कॉर्नेट (स्वतः ऑलिव्हर आणि एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग), जॉनी डॉड्सचे क्लॅरिनेट, ऑनोरे दुत्रेचा ट्रॉम्बोन, लिल हार्डिनचा पियानो, बिल जॉन्सन, आणि ड्रमवर जॉनीचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स. शिकागोच्या लिंकन गार्डन्स या नाचघरात रात्रीमागून रात्री वाजवून या सातांचे एकमेकांशी असे जमले होते की दोन्ही कॉर्नेट पूर्वसूचनेवाचून एकाच वेळी तोड घेत आणि श्रोते थक्क होत.

कर्ण्यापुढे हा चमू नव्याने मांडावा लागला. बिल जॉन्सन हा मुळात डबल बेसचा वादक, त्या वाद्याच्या आद्य वादकांपैकी एक. मुद्रणगृहात त्याच्या हाती बँजो आला. बेबी डॉड्सकडे लाकडी ठोकळे उरले. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणदणीत होता की त्याला इतरांपासून दूर, मागे उभे करण्यात आले. लिल हार्डिनने (ती पुढे त्याची पत्नी झाली) ही आठवण नंतर सांगितली आहे, आणि त्या कोपऱ्यात तो किती उदास दिसत होता हेही. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी वाद्यस्वराची पहिली नोंद अशी दुरून झाली. तो स्वर आज आपण ऐकतो तेव्हा त्यात त्या खोलीतले अंतरही ऐकत असतो.

बेबी डॉड्सबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. 'डिपरमाउथ ब्लूज' या प्रसिद्ध तुकड्यात एके ठिकाणी बिल जॉन्सनची आरोळी ऐकू येते आणि ती पुढे या तुकड्याचा अविभाज्य भागच झाली. डॉड्सने आपल्या आत्मकथनात सांगितले आहे की त्या जागी त्याची स्वतःची तोड यायची होती, ती तो विसरला, आणि गाडी अडू नये म्हणून जॉन्सन ओरडला. म्हणजे त्या तुकड्यातली ढोलवाल्याची एक हक्काची जागाही अशी निसटली. बाकी जे उरले त्यावरून डॉड्सचे वादन कसे होते याचा निवाडा करणे म्हणजे नाटकाच्या केवळ रंगसूचना वाचून नटाची परीक्षा करणे होय. तरीही अनेक वर्षे तसे होत राहिले.

येथे आमच्याच मांडणीवर एक आक्षेप घेणे आवश्यक आहे. बँजो आणि ट्यूबा यांचे राज्य निव्वळ कर्ण्याने आणले, असे म्हणणे म्हणजे एका कारणाला सिंहासनावर बसवणे होईल. ध्वनिवर्धक नसलेल्या मोठ्या नाचघरात, शेकडो पावलांच्या घसटीत, गिटार तसेही बुडत असे. बँजो तेथेही उपयोगी होता. ट्यूबा मिरवणुकीच्या ब्रास बँडमधून आला, आणि अनेक वादक दिवसा रस्त्यावर ट्यूबा व रात्री नाचघरात डबल बेस अशी दोन्ही वाद्ये वाजवीत. दशकभर आधीपासून बँजोची लाट अमेरिकेत होतीच, युरोपच्या वृंदातले बँजो-मँडोलिन हे तिचेच अपत्य. तेव्हा नेमके म्हणायचे तर असे म्हणावे लागेल की कर्ण्याने ही वाद्ये निर्माण केली नाहीत वा शोधली नाहीत, पण जी दोन-तीन शक्यता समोर होत्या त्यांतली एक उचलून दूरदेशी पाठवली आणि बाकीच्यांना मेणात जागा दिली नाही. आमच्या मते निवड आणि निर्मिती यांतला हा भेद न पाळल्यामुळे या विषयावरचे बरेचसे लोकप्रिय लेखन फसते.

कर्ण्याने खरोखर निर्माण केलेले एक वाद्य मात्र आहे. योहान्स मथियास आउगुस्टुस स्ट्रो या लंडनस्थित तंत्रज्ञाने १८९९ मध्ये अशा व्हायोलिनचे पेटंट घेतले की ज्याला लाकडी पोट नाही. तारांचा कंप एका धातूच्या पडद्याकडे जातो आणि पडद्याला भोंगा जोडलेला असतो. भोंगा मुद्रणाच्या कर्ण्याकडे रोखायचा आणि वाजवायचे. म्हणजे यंत्राला ऐकू यावे म्हणून वाद्यालाच यंत्राचे रूप दिले. मायक्रोफोन आल्यावर ते अडगळीत जायला हवे होते. मुद्रणगृहांपुरते गेलेही. परंतु रोमानियाच्या बिहोर भागात खेडोपाडीच्या वादकांनी त्याचा स्वीकार केला आणि तेथे ते लोकवाद्य म्हणून रुजले. परंपरा म्हणजे काय, या विषयावर परिसंवाद घेणाऱ्यांनी हे व्हायोलिन एकदा टेबलावर ठेवून पाहावे.

१९२५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत्-ध्वनिमुद्रण पद्धत व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बलाढ्य कंपन्यांनी घेतली. आता सुईला ढकलण्याचे काम वादकाच्या दमाकडे राहिले नाही, ते विद्युत्-प्रवर्धकाकडे गेले. स्वरपट्टा खाली शंभर आणि वर पाच हजार हर्ट्झच्या आसपास पोहोचला. कंपन्यांनी आरंभी या क्रांतीचा गाजावाजा टाळला, कारण जुन्या पद्धतीच्या तबकड्यांनी गोदामे भरलेली होती. नवीन माल चांगला म्हणावे तर जुना माल कोण घेणार?

मायक्रोफोन आला आणि दुसऱ्या दिवशी ट्यूबा गेला, असे घडले नाही. वादकांनी वाद्यावर पैसे घातले होते, संयोजकांच्या वह्या ट्यूबासाठी लिहिलेल्या होत्या, श्रोत्यांच्या कानाला ती 'धबधब' रुचू लागली होती. आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह'चे पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९२५ मधले. ओके कंपनीकडे वेस्टर्न इलेक्ट्रिकची पद्धत तेव्हा नव्हती. त्या पंचकात ड्रम नाही, खर्जाचे वाद्य नाही. पियानो आणि जॉनी सेंट सीरचा बँजो, बस्स. हा चमू मुख्यतः मुद्रणगृहापुरताच होता, रोजच्या नाचघरासाठी नव्हता. जॅझच्या अभ्यासक्रमांत ज्याचे पारायण होते तो वाद्यमेळ बहुतांशी कर्ण्याच्या गृहस्थीचा होता, ही गोष्ट शिकवताना क्वचितच सांगितली जाते. मे १९२७ मध्ये 'हॉट सेव्हन' झाले तेव्हा पीट ब्रिग्जचा ट्यूबा आणि बेबी डॉड्स यांची भर पडली. नवी पद्धत हाती आल्यावरही खर्जासाठी हात गेला तो ट्यूबाकडेच.

त्याच सुमारास जीन गोल्डकेट याच्या वाद्यवृंदाच्या तबकड्यांत स्टीव्ह ब्राउनचा डबल बेस तार आपटण्याच्या आवाजासह स्पष्ट ऐकू येऊ लागला. ड्यूक एलिंग्टनकडे वेलमन ब्रॉड आला तोही १९२७ मध्ये. डिसेंबर १९२७ मध्ये शिकागोत एडी काँडनच्या मित्रमंडळींचे ध्वनिमुद्रण होते. तरुण जीन क्रुपा बेस ड्रम घेऊन आला तेव्हा सुई उडेल या भीतीने मुद्रणगृहातले लोक कसे हादरले, याची गोष्ट काँडनने आपल्या पुस्तकात खुलवून सांगितली आहे. ढोल वाजला, आणि सुई जागेवर राहिली. बेस ड्रमचे हे पहिलेच मुद्रण होते असा दावा वारंवार होतो. पहिलेपणाच्या त्या वादापेक्षा आम्हांला ती भीती महत्त्वाची वाटते. यंत्र बदलून दोन वर्षे झाली होती, पण यंत्राची भीती तशीच राहिली होती.

गिटारचे पुनरागमन एडी लँग आणि लॉनी जॉन्सन यांच्या बोटांनी झाले, आणि १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत बहुतेक वृंदांतल्या बँजोवाल्यांनी वाद्य बदलले. एलिंग्टनच्या फ्रेड गायनेही बदलले. खुद्द एलिंग्टनने मात्र या नव्या यंत्राशी जे केले ते वेगळ्या जातीचे होते. १९३० च्या 'मूड इंडिगो' या रचनेत आवाज दाबलेला ट्रंपेट आणि तसाच ट्रॉम्बोन वरच्या बाजूला, आणि क्लॅरिनेट त्यांच्या पुष्कळ खाली, अशी उलटी रचना त्याने केली. हे तीन सूर मायक्रोफोनमध्ये मिसळताना एक आभासी चौथा सूर उमटतो हे त्याच्या ध्यानी आले होते, आणि त्या आभासालाच त्याने रचनेत धरले. कर्ण्याच्या काळात वादक यंत्राची मर्जी राखीत होते. येथे रचनाकार यंत्राच्या दोषाला वाद्याचा दर्जा देतो. साहित्यात छापखान्याच्या मर्यादेला शैलीत रूपांतरित करणारे कवी आपण पाहिले आहेतच.

या दोन युगांना जोडणारा एक माणूस मुंबईत होता. जेम्स रीस युरोपच्या १९१३-१४ च्या तबकड्यांत कॉर्नेट वाजवणारा क्रिकेट स्मिथ १९३६ मध्ये ताजमहाल हॉटेलमध्ये आपला चमू घेऊन वाजवत होता, आणि त्याच वर्षी मुंबईत त्याचे ध्वनिमुद्रणही झाले. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या पुस्तकात हा सारा काळ उभा आहे. गोव्याच्या पाठशाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या तरुणांनी अशा पाहुण्या वादकांच्या शेजारी बसून आणि तबकड्या झिजवून ही भाषा आत्मसात केली. पुढे चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी ती सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'पर्यंत (१९५१) आणली. मुंबईला जॅझ मोठ्या प्रमाणात भेटला तोवर कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली होती.

ज्यांना तो नंतर, मुद्दाम मागे जाऊन भेटला, त्यांची कथा निराळी. १९४० च्या सुमारास अमेरिकेत 'अस्सल' जॅझच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या लू वॉटर्सने ऑलिव्हरच्या तबकड्या प्रमाण मानून चमू बांधला: दोन कॉर्नेट, दोन बँजो, एक ट्यूबा. पाठोपाठ इंग्लंडमध्येही तसे चमू निघाले. या लोकांची निष्ठा अव्वल होती, अभ्यास दांडगा होता. परंतु त्यांच्यापुढे मायक्रोफोन असताना ते कर्ण्याच्या मर्यादा वाजवत होते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही अवस्था नवी वाटणार नाही. लेखनिकाचा हात थकला म्हणून गळलेला शब्द पुढच्या प्रतीत वृत्ताची खुबी म्हणून वाखाणला जातो. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करताना एकनाथांना निदान अनेक पाठ ताडून पाहता आले. १९२३ च्या लिंकन गार्डन्सचा दुसरा पाठ कोठून आणणार?

तो थोडासा मिळाला, कारण काही माणसे जिवंत होती. बिल रसेल या संग्राहकाने १९४४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सॅन हासिंटो हॉलमध्ये बंक जॉन्सनच्या चमूचे ध्वनिमुद्रण केले. त्यात लॉरेन्स मरेरोचा बँजो आहे, आणि शेजारी 'स्लो ड्रॅग' पाव्हाजो याचा डबल बेस. ड्रमवर बेबी डॉड्स. एकवीस वर्षांपूर्वी ठोकळ्यांवर टकटक करणारा हा माणूस येथे मोठ्या ढोलासह आहे. पायाखालचा ढोल, सतत गुरगुरणारा स्नेअर ड्रम, प्रत्येक वादकाच्या मागे बदलणारा पोत, सारे काही ऐकू येते. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचे एकट्याचेही ध्वनिमुद्रण झाले. दुसरे कुठलेही वाद्य नाही; डॉड्स बोलतो आहे, आणि बोलता बोलता वाजवून दाखवतो आहे.